आमच्या टॉवेल कंपनीचा स्टॉपर

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला ऑफसाइड समजावून सांगायला येऊ नये. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कंपनीत मी टाइम ऑफिसला होते. कोण आलं, कोण गेलं, कुणाची पाळी कुठली, कुणाचा खाडा पडला, हे बघायचं माझं काम. माझ्या खिडकीसमोर कंपनीचं गेट, गेटच्या बाजूला मैदान आणि मैदानाच्या तारेपलीकडं पुण्याचा हायवे. त्या मैदानावर नागनाथ खेळायचा. त्याची सगळी उमेद तिथंच गेली.

परवा एका लग्नात कंपनीतला जुना फोरमन भेटला. नागनाथचा विषय निघाला तर जिलबी मोडत म्हणाला, "पोरगं चांगलं होतं हो. पण खेळलं कुठं? आपल्या कंपनीतच की." मला असा राग आला की ताटावरून उठावंसं वाटलं. जसं काही याला कुणी आमंत्रणं दिली आणि हाच घरात बसून राहिला. फुटबॉल कळणारे लोक असं बोलणार असतील, तर न कळणाऱ्या बाईनंच लिहिलेलं बरं, म्हणून बसलेय.

नागनाथ होटगीचा. वडील रेल्वेत गँगमन. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत रेल्वेची माणसं बॉल खेळायची, त्यांच्यात घुसून हा शिकला. घरात कानडी, दारात मराठी. उंच, सावळा, खांद्यात किंचित वाकलेला. बोलताना माणसाच्या तोंडाकडं बघायचाच नाही, पायाकडं बघायचा. सुरुवातीला मला वाटलं, लाजतोय. मग वाटलं, माझ्या चपला बघतोय की काय. एकदा सकाळी मी गेटातून आत येत होते तर म्हणाला, "अक्का, आज घरी भांडून आलाय की तुमी."

"तुला कुणी सांगितलं?"

"पाय आपटतोय तुमचा."

भांडूनच आले होते. नवऱ्यानं डबा भरायच्या वेळी गॅसचा नंबर विचारला होता. तेव्हापासून मी नागनाथसमोरून जाताना जरा जपून पाय टाकायची. तो मान वर न करता माणूस ओळखायचा. फिनिशिंगच्या हॉलमध्ये टेबलावर वाकून टॉवेल तपासत असायचा आणि पाठीमागून सुपरवायझर आला की याच्या ओठांवर हसू फुटायचं, कारण सुपरवायझर पाय घासत चालायचा.

कामाला तो चेकर. टॉवेलचा सुटलेला धागा बघायचा, शिलाई बघायची, डागी माल बाजूला काढायचा. बाकीचे चेकर स्टुलावर बसायचे, हा उभा. "बसलं की पाय जड व्हत्यात," म्हणायचा. आणि कधी पळायचा नाही. कंपनीची बस सुटायला लागली, सगळे धोतर-साड्या सावरत पळाले, तरी हा आपल्या चालीनं यायचा. ड्रायव्हर शिव्या देत थांबायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, जरा पाय उचल की." तर म्हणाला, "पळायचं ते मैदानात, अक्का. हितं कशाला वाया घालवायचं?"

पण मैदानातही तो फारसा पळायचा नाही. तो स्टॉपर. म्हणजे आपल्या गोलच्या पुढं उभं राहून समोरच्याला अडवणारा, एवढं मला कळलं. तीन वाजता खेळाडूंना कामावरून सोडायचे, मग माझ्या खिडकीतून फुकट तमाशा. बाकीची पोरं जीव तोडून धावायची आणि बॉल जिथं पडायचा तिथं नागनाथ आधीच उभा असायचा, स्टँडवर पाहुण्याला उतरवून घ्यायला आल्यासारखा. मी विचारलं, हे कसं रे? "जागा धरून ऱ्हायाचं. बॉल आपल्याकडंच येतोय की." याच्यापलीकडं त्यानं मला कधी फुटबॉल शिकवला नाही, आणि मला तेवढा पुरला.

आता ही टीम कशी होती ते सांगायला हवं. आमच्या मोठ्या साहेबांना लहानपणी कुठल्यातरी बोर्डिंगात या खेळाचं वेड लागलेलं. त्यांनी खेळाडू म्हणून पोरं कामाला घेतली. कामगार म्हणून पगार आणि कंपनीच्या नावानं खेळ. असोसिएशनचा नियम असा की ज्या टीमकडून नाव नोंदवलं, तिनं सोडल्याशिवाय त्या सीझनला दुसरीकडं खेळता येत नाही. सीझन संपला की माणूस मोकळा. नव्या सीझनला पुन्हा सही करायची, नसेल करायची तर नमस्कार करून निघून जायचं. कागदावर सगळं कसं सरळ होतं.

पण आमच्या इथं ही सही खंडेनवमीला व्हायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या सोलापुरात मागाची, मशिनीची पूजा असते, तशी आमच्याकडंही. लूमला झेंडूच्या माळा, कात्र्यांना हळद-कुंकू, आणि मधोमध पाटावर फुटबॉल. त्यालासुद्धा कुंकू लावलेलं. सगळ्या खेळाडूंच्या घरच्यांना बोलावणं. आयांना, बायकांना पुढं बसवायचे, ओटी भरायचे. आरती झाली, नारळ फुटला, शिऱ्याचा द्रोण हातात पडला, की लगेच तिथंच, देवापुढं, गुरुजींच्या शेजारी मॅनेजर पेन घेऊन उभे. नाव पुकारायचं, पोरानं यायचं, बॉलच्या पाया पडायचं आणि सही करायची. पाठीमागं आई बघतेय, समोर उदबत्ती जळतेय. तिथं कोण म्हणणार, मी नाही करत?

ही युक्ती गोसावी साहेबांची, आमच्या मॅनेजरांची. मऊ माणूस. कुणाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि कुणाचं कधी काही केलंही नाही.

कोल्हापूरचे लोक आले ते मला चांगलं आठवतंय, कारण त्यांना खुर्च्या मीच दिल्या. दोघे होते, एक जाडा आणि एक त्याच्यापेक्षा जाडा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते मला त्यांच्याकडून कळलं. मॅचला पेठाच्या पेठा लोटतात, बायका गच्चीवरून बघतात, आणि चांगल्या खेळाडूला हॉटेलात कुणी बिल मागत नाही. त्यांनी नागनाथला सोलापुरात एका मॅचमध्ये बघितला होता. जास्त जाडा मला म्हणाला, "ताई, तुमच्याकडं हिरा हाय, आणि तुमी त्याला टॉवेल मोजाय बसवलाय." मी म्हटलं, बसवलेला नाही, तो उभाच असतो.

तिकडं खेळायचं आणि तिथल्याच एका फाउंड्रीत नोकरी, असं ठरलं. नागनाथ त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलला. "अक्का, तितं म्हणं गोल वाचवला तरी लोक उठून उभं ऱ्हात्यात." आमच्या मैदानावर मॅच बघायला कामावरून सुटलेले चार हमाल, चहावाला आणि कुत्री. त्याचे डोळे असे चमकत होते की मला भीती वाटली. इतकी आशा तोंडावर उघडी ठेवून कंपनीत फिरू नये.

तो गोसावी साहेबांकडं गेला. साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "नागनाथ, तू म्हणजे घरचा माणूस. तुला अडवणारा मी कोण? एवढी पूजा होऊन जाऊ दे." हा भोळा खूश होऊन बाहेर आला. पूजेला आई आली, बायको आली. नाव पुकारलं. मला वाटलं, हा आता बोलेल. तो उठला, बॉलच्या पाया पडला, पेन हातात घेतलं आणि आईकडं बघितलं. आईनं पदर सारखा करून हात जोडले होते. त्यानं सही केली. शिरा तसाच द्रोणात राहिला.

पुढच्या वर्षी तो हुशार झाला. खंडेनवमीच्या आदल्या रात्रीच होटगीला घरी जाऊन राहिला, अंगात ताप आहे म्हणून निरोप. गोसावी साहेबांनी काय करावं? रागावले नाहीत. कंपनीच्या जीपमध्ये ताटभर प्रसाद, नारळ, कुंकू लावलेला बॉल, सहीचा कागद आणि गुरुजींना घालून होटगीला पाठवलं. जीप दारात, बॉल पाटावर, अख्खी गल्ली गोळा. हा गोधडी पांघरून झोपलेला. आईनं गोधडी ओढली. "होगप्पा, देवर केलस," म्हणाली. जा बाबा, देवाचं काम आहे. देव आपण होऊन दारात आला तर त्या बाईनं दुसरं काय म्हणावं? हे सगळं, सही झाली तिथपर्यंत, ड्रायव्हरनं मला पोट धरून हसत सांगितलं. मीही हसले. मग दुपारी नागनाथ चेकिंगच्या टेबलाशी उभा दिसला आणि माझं हसू गेलं.

तेव्हा त्यानं तिसरा उपाय काढला. वाईट खेळायचं. इतकं वाईट की पूजेच्या दिवशी साहेबांनी आपलं नाव पुकारूच नये. मला विश्वासात घेऊन सांगितलं, आणि मला तो बेत पटला. नवऱ्यानं पुन्हा चहा मागायला नको असेल तर मीही चहा मुद्दाम पाणचट करते.

ती मॅच मी मैदानात जाऊन बघितली, छत्री घेऊन, उन्हात. सुरुवातीला त्यानं छान वाईट खेळून दाखवलं. बॉल समोर आला की भलतीकडं मारायचा. समोरचा पोरगा आला की बाजूला सरकून वाट द्यायचा. हमाल ओरडायला लागले. गोसावी साहेब खुर्चीतून पुढं वाकले. मला वाटलं, जमतंय याला. मग समोरच्यांचा एक बारका पोरगा बॉल घेऊन सुटला. आमचा गोलकीपर पुढं येऊन पडला, गोल रिकामा. नागनाथ लांब उभा होता. त्याला फक्त उभं राहायचं होतं, दुसरं काही नाही. आणि हा माणूस, जो बसमागं कधी पळाला नाही, असा पळाला की बघता बघता रेषेवर पोचला आणि जमिनीवर आडवा होऊन त्यानं बॉल पायानं बाहेर काढला.

सगळं मैदान नाचत होतं. समोरच्या टीमचासुद्धा एकजण टाळ्या वाजवत होता. नागनाथ मातीत बसून राहिला, दोन्ही हातांनी डोकं धरून. पोरांनी त्याला उचललं तरी तो डोक्यावरचे हात सोडेना. त्यांना वाटलं, लागलं. संध्याकाळी तो माझ्या खिडकीशी आला. "अक्का, मी ठरवलं हुतं. पायानं ऐकलं न्हाय."

"एक गोल झाला असता तर काय आभाळ कोसळलं असतं का रे?"

"कसं अडवायचं न्हाय ते मला येतच न्हाय की," तो म्हणाला. हे तो असं बोलला, जसं एखाद्याला आपल्याला आजार असल्याचं कळावं. मी त्याला चहा मागवला, दुसरं मी काय करणार होते?

कोल्हापूरचे जाडे पुढंही फोन करत राहिले. माझ्याच टेबलावर फोन यायचा. "ताई, यंदा सुटतोय का?" मी म्हणायची, बघू. मग त्यांचे फोन कमी झाले. त्यांना दुसरा कुणी स्टॉपर मिळाला असणार, जग काय थांबतं का? नागनाथनं काही विचारलं नाही. फक्त कोल्हापूरची बातमी असलेलं पेपराचं पान डब्याखाली अंथरायला दिलं तर तो घ्यायचा नाही. डबा तसाच टेबलावर ठेवायचा आणि कडक भाकरी मुठीनं मोडत बसायचा.

मग गुडघा गेला. मॅचमध्ये नाही, साध्या सरावात, खड्ड्यात पाय मुरगळून. ऑपरेशन झालं, काठी सुटली, पण खेळ संपला. मला वाटलं, आता तरी हा मोकळा झाला. कुठं काय. फिनिशिंगमध्ये नव्या मशिनी यायला लागल्या होत्या, चेकर कमी करत होते, आणि दिवसभर उभं राहणं याला जमेना. गोसावी साहेबांनी त्याला टीमचा इन्चार्ज केलं. मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली, बॉलची जाळी, शिट्टी, आणि बसायला खुर्ची. "टीम आहे तोवर तू आहेस," साहेब म्हणाले. ते हे प्रेमानं म्हणाले, हेच वाईट.

इन्चार्ज म्हणून तो चांगला होता. पोरांना मायेनं वागवायचा. आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा असा तयार झाला की मला, फुटबॉल न कळणाऱ्या बाईलाही, तो वेगळा दिसायचा. व्यंकटेश. शहरातल्या पद्मशाली वस्तीतला, बाप यंत्रमागावर, घरात तेलुगू. विशीतला, पातळ, पायात स्प्रिंग बसवल्यासारखा. नागनाथ त्याला घरी नेऊन जेवू घालायचा, शेंगाचटणीवर दही जास्त वाढायचा. नडगीला बांधायचे, स्वतःचे जपून ठेवलेले शिनगार्ड त्यानं व्यंकटेशला दिले. लोक म्हणायचे, बापानं केलं नसतं एवढं करतोय.

पुण्याच्या एका क्लबनं व्यंकटेशचा खेळ कुणीतरी व्हॉट्सअपवर पाठवलेल्या व्हिडिओत बघितला. या म्हणाले. पोरगा उड्या मारत माझ्या खिडकीशी आला, मला पेढा दिला. दसरा तोंडावर होता. मी म्हटलं, लेका, त्या दिवशी पूजेला येऊच नकोस, सरळ पुण्याची गाडी धर.

तो आला. कारण नागनाथ स्वतः त्याच्या घरी गेला होता. त्याच्या आईला साडी-चोळीचं आमंत्रण देऊन आला होता आणि म्हणाला होता, पोराच्या हातनं यंदा पहिली आरती करायची हाय. पोरानं आरती केली. आई पुढच्या रांगेत. नाव पुकारलं ते नागनाथनं, आपल्या तोंडानं. पोरानं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि सही केली.

मी त्याच्या पत्र्याच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत मी त्याला कधी टाकून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तू सुद्धा? तुला कसं बांधून घातलं ते विसरलास का?"

तो बॉलमध्ये हवा भरत होता. पंप थांबवला नाही. "इसरलो न्हाय, अक्का. म्हणून तर कसं करायचं ते ठावं हाय मला."

"लाज नाही वाटत?"

"वाटती की." मग पंप खाली ठेवला. "व्यंकू गेला तर टीममदी काय ऱ्हातंय? साहेब म्हणाले, यंदा पुढं गेलो न्हाय तर टीम बंद. टीम बंद झाली तर मला कुटं ठेवत्यात? टेबलाशी उभं ऱ्हावत न्हाय. घरात बायको, आई अंथरुणाला. तुमीच सांगा, मी काय करू ते. तुमी म्हणाल ते करतो."

त्याच्यावर राग होता तो तसाच होता, आणि त्याच्यासाठी जीव तुटत होता तोही तसाच. दोन्ही एका वेळी होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "आई कशी आहे?" तो म्हणाला, "हाय तशीच." मग मी माझ्या खिडकीत जाऊन बसले.

व्यंकटेश त्याच्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो वेळेवर यायचा, सराव करायचा, जेवायला बोलावलं तर जायचा. फक्त नागनाथला आधी 'अण्णा' म्हणायचा, तो आता 'सर' म्हणायला लागला. नागनाथला ते कळत होतं. तो त्याच्यासाठी घरून उकडलेली अंडी आणायचा, त्याचे बूट स्वतः पुसायचा.

मी रिटायर झाले तो आठवडा. मोठी मॅच होती. निरोपाचा नारळ आणि शाल पिशवीत घालून मी गेटाबाहेर पडले, आणि सहज मैदानाकडं वळले. खेळ अजून सुरू व्हायचा होता. पोरं एका बाजूला बॉल मारत होती. व्यंकटेश बाकावर बसला होता, त्याचा घोटा आदल्या मॅचमध्ये मुरगळला होता. नागनाथ त्याच्यासमोर जमिनीवर बसला होता, एक गुडघा दुमडलेला आणि दुसरा, न दुमडणारा, सरळ लांब सोडलेला. पोराचं पाऊल मांडीवर घेऊन तो घोट्याला पट्टी गुंडाळत होता. एकेक वेढा सावकाश, सुरकुती पडू न देता. मी आल्याचं त्याला कळलं नाही. माझी चाल त्याला पाठ होती, तरी त्यानं मान हलवली नाही.

व्यंकटेश त्याच्याकडं बघत नव्हता. तो त्याच्या डोक्यावरून तारेपलीकडं हायवेकडं बघत होता. एक पुण्याची एसटी गेली. तिच्या मागं दुसरी एक खाजगी गाडी, काचा बंद.

नागनाथनं शेवटचा वेढा दिला, टोक आत खोचलं आणि अंगठा वरून फिरवून बघितला. "लई घट्ट झालं का रं?" त्यानं विचारलं.

"नाही सर," व्यंकटेश म्हणाला.